लहू तांडेलांची समुद्रातली जागा

वेसाव्याच्या कोळीवाड्यातील लहू हरेश्वर यांचे जन्मवर्ष तीन ठिकाणी तीन प्रकारे सापडते. शिधापत्रिकेत ते १९१० आहे आणि होडीच्या परवान्यात १९१४. त्यांचे चिरंजीव बाळा यांच्या मते वडील मोठ्या तापाच्या साथीत चालायला शिकले, म्हणजे १९१७ च्या आसपासचे. यांपैकी कोणतेही खरे मानले तरी पुढील हकिकतीला बाध येत नाही. १९६८ साली ते पन्नाशी ओलांडलेले होते, आणि तोवरच्या तीस वर्षांत समुद्रातली त्यांची जागा एकदाही चुकलेली नव्हती. या दुसऱ्या विधानाला लेखी आधार नाही. परंतु ज्यांचे त्यांच्याशी भांडण झाले त्यांच्या घरातूनही ते नाकारले गेले नाही, म्हणून ते ग्राह्य धरले आहे.

समुद्रातली जागा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवे. लहू तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, डोल लावीत. डोल हे नरसाळ्यासारखे लांबलचक जाळे. ते मासळीचा पाठलाग करीत नाही. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, करंदी, मांदेली आपण होऊन आत शिरायची वाट पाहायची. खुंट पावसाळ्यात मोडून जात. म्हणून दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे, अष्टमीच्या सुमारास पाण्याची ओढ मंदावली की, ते नव्याने रोवावे लागत. प्रत्येक घराची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली. किनाऱ्यापासून अडीच मैलांवर, जिथे पाण्याखेरीज काहीच नाही, तिथे आपली जागा पावलांच्या हिशेबात ओळखायची.

ती ओळखली जाई जमिनीवरच्या खुणांनी. लहू तांडेलांच्या खुणा दोन होत्या. मढच्या किल्ल्याचा बुरूज कान्हेरीच्या डोंगरातील एका खाचेखाली आला की पहिली रेघ जुळली. मग त्या रेघेवरून होडी हाकत न्यायची आणि अंधेरीच्या गावदेवीच्या डोंगराचा काळा कडा किनाऱ्यालगतच्या एका एकट्या ताडाच्या बरोबर मागे उभा राहिला की थांबायचे. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे हरेश्वरांची, म्हणजे त्यांच्या वडिलांची, जागा.

बाळा आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. तो क्षण सांगताना त्यांचा उजवा हात आपोआप कपाळाशी जातो. होडीत कुणी बोलायचे नाही, वल्ही पाण्याबाहेर, शीड उतरवलेले. वडील मागच्या बाजूला उभे. झाड हळूहळू डोंगराखाली सरकत येई. ‘जणू झाडच चालतंय आणि आमी थांबलोय,’ असे बाळा म्हणतात. मग वडील हात खाली टाकीत, आणि खुंटाचे खोड पाण्यात सुटे.

तेव्हाचे वेसावे समुद्राकडून कसे दिसे, याचे छायाचित्र मला मिळालेले नाही. बाळांच्या सांगण्यावरून ते असे मांडता येते. पुळणीवर बोंबील सुकवण्याच्या बांबूच्या वलांडी, त्यामागे कौलांची ओळ, मग माडांचा हिरवा पट्टा, दलदल, आणि थेट अंधेरीपर्यंत मोकळे आकाश. उंच म्हणावे असे फारसे काही नव्हतेच. एखादे चर्च, एखादा बंगला, आणि तो ताड. आठवणीतील किनारे सहसा असतात त्याहून मोकळे भासतात, ही सावधगिरी बाळगूनही हे वर्णन बरेचसे खरे असावे. कारण एकच झाड अडीच मैलांवरून ओळखू येत होते, हे तर निर्विवाद आहे.

आणखी एक रीत येथे नोंदवली पाहिजे. खुंट रोवायला दोन होड्या लागत. खोड मध्ये उभे सोडायचे, दोन्ही होड्या दोरांनी त्याला जखडायच्या, आणि माणसांच्या व होड्यांच्या वजनाने ते चिखलात उतरवायचे. लहू तांडेलांची जोडीची होडी अनंता तांडेलांची असे. दोघे बालपणापासूनचे सोबती, समुद्रातही शेजारी, दोघांच्या जागांमध्ये शंभरेक पावलांचे अंतर. एकाचा खुंट लागताना दुसऱ्याने जमिनीकडे पाठ करून बसायचे, असा शिरस्ता होता. खुणा ही घरची गोष्ट. त्या दुसऱ्याने पाहायच्या नाहीत आणि त्याने पाहिल्या असतील अशी शंकाही घ्यायची नाही.

तो ताड कोळीवाड्याच्या मालकीचा नव्हता. १९६४ मध्ये त्याखालची जमीन एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने घेतली, असे संस्थेच्या इतिवृत्तावरून दिसते. सचिव मार्तंड नावाचे गृहस्थ होते, फोर्टमधील एका कचेरीत नोकरीला. त्यांच्या पत्नी कुंदाताई. जागेची आखणी सुरू झाल्याचे वर्तमान घरात आणले ते लहू तांडेलांच्या पत्नी सगुणाबाईंनी. पाटी घेऊन त्या दारोदार मासळी विकीत आणि मार्तंडांचे भाड्याचे घर त्यांच्या फेरीत होते.

लहू तांडेल दुसऱ्याच दिवशी मार्तंडांकडे गेले. झाड तोडू नका, एवढेच मागणे. का, ते सांगायला ते तयार नव्हते, खुणा घरच्या. मार्तंडांना वाटले झाडाला देवस्थान असेल. त्यांनी तसे विचारले, आणि लहू तांडेलांनी होय-नाही काहीच म्हटले नाही. पुढची दोन वर्षे दर अष्टमीला सगुणाबाईंच्या पाटीतून एक सरंगा मार्तंडांकडे जात राहिला. कुंदाताई सांगतात की त्याचे पैसे सगुणाबाई घेत नसत आणि कारणही सांगत नसत.

मार्तंडांनी शब्द पाळला. १९६६ च्या सर्वसाधारण सभेचा सातवा ठराव असा आहे: ‘संस्थेच्या मागील अंगणातील ताडाचे झाड वेसाव्याच्या कोळी बांधवांच्या विनंतीवरून तोडू नये.’ सभेनंतर त्यांनी स्वतः कोळीवाड्यात येऊन हे सांगितले. लहू तांडेलांनी त्यांच्या हातात नारळ ठेवला. बाळांना ती संध्याकाळ चांगली आठवते, कारण वडिलांना त्यांनी इतके मोकळे कधी पाहिले नव्हते. त्या ठरावातील ‘मागील’ हा शब्द लहू तांडेलांना वाचता येत नव्हता. मार्तंडांना वाचता येत होता, पण तो झाडाच्या खऱ्या कामाशी जोडायला त्यांच्याकडे कारण नव्हते. वारा मिळावा म्हणून इमारत समुद्राच्या बाजूला बांधायची आणि झाड मागे अंगणात सावलीला ठेवायचे, अशी ती आखणी होती.

१९६७ च्या दसऱ्याला इमारत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली होती; शेंडा दिसत होता, जागा सापडली. १९६८ च्या एप्रिलात चौथा मजला पुरा झाला आणि ताड समुद्रावरून दिसेनासा झाला. झाड जिवंत होते, खालून पाणी मिळत होते, मुले त्याच्याभोवती खेळत होती. फक्त जिथून ते दिसायला हवे होते, तिथून ते नव्हते.

लहू तांडेलांनी यावर काढलेला उपाय त्यांच्या चिकाटीला आणि बुद्धीला साजेसा होता. तो कुंदाताईंकडून आणि बाळांकडून स्वतंत्रपणे ऐकला, आणि दोन्ही हकिकती तपशिलात जुळतात. सप्टेंबरात एके दुपारी सगुणाबाईंना घेऊन ते त्या इमारतीत, आता तिथे राहायला आलेल्या कुंदाताईंकडे गेले. जिन्याखाली चपला काढून चार मजले चढले. गच्चीवर पोचल्यावर आधी बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले.

“इथनं बघितला तर निजलेला वाटतो,” ते म्हणाले.

मग समुद्राकडे पाठ करून ते कठड्याला लागून एकेक पाऊल सरकू लागले. मागच्या अंगणातील ताडाचा शेंडा डोंगराच्या कड्यावर येईपर्यंत सरकले, थांबले, आणि पायाखाली कोळशाने फुली मारली. तेव्हा प्रथमच त्यांनी एका परक्या बाईला, सोबत गच्चीवर आलेल्या कुंदाताईंना, आपली खूण सांगितली. अष्टमीला सकाळी या फुलीवर कठड्यावरून काही तरी लाल टाकून ठेव, एवढेच करायचे. कुंदाताईंनी कुंकवाच्या रंगाची एक जुनी सुती साडी काढली. ही गोष्ट कोळीवाड्यात कुणाला सांगायची नाही, असे सगुणाबाईंनी दोनदा बजावले.

अष्टमीला समुद्र निवळ होता. अनंता तांडेल जोडीच्या होडीत जमिनीकडे पाठ करून बसले. लहू तांडेलांनी मढची रेघ धरली, होडी हाकली, आणि कड्याखाली लाल ठिपका आला तिथे हात खाली टाकला. खुंट उतरला. दोराला लाकडी पीप बांधून पाण्यावर सोडले, म्हणजे जागा राखली गेली.

दोन दिवसांनी अनंता तांडेलांची पाळी. आता पाठ करून बसायचे ते लहू तांडेलांनी. होडी थांबली, पण खोड सोडण्याची हाक येईना. बाळा तेव्हा वडिलांच्या होडीत होते.

“लहू, मागं वळ,” अनंता म्हणाले.

“तुझ्या खुणा बघून व्हायच्या हायत.”

“बघून झाल्या. वळ नि सांग, हे पीप कुणाचं?”

पीप लहू तांडेलांचे होते. अनंता तांडेलांच्या खुणा त्याच्या पलीकडे, दहा पावलांवर जुळत होत्या. म्हणजे पहिला खुंट सरळ त्यांच्या जागेत लागला होता, आणि तो लावायला जोर त्यांनीच दिला होता, पाठ करून. लहू तांडेलांनी आधी अनंताच्या खुणा चुकल्या असे म्हटले. मग वाऱ्याने होडी सरकली असेल म्हटले. वारा नव्हता. अनंतांनी आपल्या होडीचे दोर सोडले आणि एकटेच परत फिरले. पुढे वर्षभर ते लहू तांडेलांशी बोलले नाहीत.

चूक कुठे झाली ते सगुणाबाईंनी शोधून काढले. कुंदाताईंनी सकाळी साडी फुलीवरच टाकली होती, वर दोन विटाही ठेवल्या होत्या. थोड्याच वेळात, होडी जागेवर पोचायच्या आधी, शेजारच्या नलिनीबाई गाद्यांना ऊन दाखवायला गच्चीवर आल्या. त्यांना कठड्याची ती बाजू हवी होती. दुसऱ्याची साडी म्हणून त्यांनी ती न चुरगाळता उचलली, पलीकडच्या टोकाला नीट पसरली आणि विटाही आठवणीने पुन्हा ठेवल्या. सुमारे चाळीस पावले. डोंगर, इमारत आणि जागा यांमधली अंतरे नकाशावर मोजली असता जमिनीवरची चूक समुद्रात अडीच पटींच्या आसपास वाढते. म्हणजे चाळिसाची शंभर. त्या दोन घरांच्या जागांत अंतर तेवढेच होते.

प्रकरण जमातीपुढे, म्हणजे गावच्या पंचायतीपुढे गेले. लहू तांडेलांना खुंट काढावा लागला आणि कारण सांगावे लागले. साडीचे ऐकून सभा हसली, असे बाळा सांगतात. मग अनंता तांडेलांनाही हसली, कारण स्वतःच्या जागेत दुसऱ्याचा खुंट स्वतः रोवणारा तांडेल गावाने पाहिला नव्हता. बाजारात एकीने सगुणाबाईंना विचारले की यंदा कुठले लुगडे नेसून जाळे टाकणार. सगुणाबाईंनी उत्तर दिले की तुझ्या घोवाला जागा दाखवायला सबंध दुकान टांगावे लागेल.

गमतीखाली गंभीर गोष्ट होती ती अशी. जमातीचा नियम होता: जागा लागोपाठ दोन हंगाम रिकामी राहिली की मागेल त्याला द्यायची. मागणारी दोन घरे तयार होती. १९६८ चा हंगाम गेला, कारण काढताना खोड मोडले, जोडीला होडी राहिली नाही, आणि खूण नसताना दुसरा खुंट लावायला लहू तांडेल राजी नव्हते. १९६९ ला जागा भरली नाही तर हरेश्वरांची जागा घरातून जाणार होती.

त्या वर्षाविषयी बाळा फार मोजके बोलतात. ते स्वतः दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून गेले. वडील सकाळी पुळणीवर येत, इमारतीकडे पाहत, मग समुद्राकडे, आणि परत जात. कधी माडावर कुणाला तरी चढवून बघत. एकदा मढच्या बाजूने चालत जाऊन आणखी एखादी खूण मिळते का ते पाहून आले. बाळांनी सुचवले की यंत्राची होडी घेऊ, खोल समुद्रात जाऊ, तिथे खुंटच लागत नाही. वडील पुळणीवर जातच राहिले. सगुणाबाईंचा धीर मात्र सुटला.

“तुमची जागा सापडत नाय म्हणून मासळी थांबली का?” त्या एकदा जेवताना म्हणाल्या. “बाजारात बोंबील येतोयच. आपला तेवढा नाय.”

ऑगस्टमध्ये कुंदाताईंनी सगुणाबाईंकडून निरोप पाठवला की या खेपेला त्या स्वतः सकाळपासून फुलीवर बसून राहतील, साडी धरून, कुणी हलवणार नाही. लहू तांडेल त्यांना भेटायला गेले. गच्चीवर दोघे उभे असताना कुंदाताईंनी समुद्राच्या बाजूच्या मोकळ्या भूखंडाकडे बोट दाखवले. तिथे पायाचे खड्डे खणले जात होते. नवी इमारत किती मजल्यांची, हे त्यांनी आधीच विचारून ठेवले होते: पाच. लहू तांडेल खड्ड्यांकडे पाहत राहिले.

“बाय, तू बसशील,” ते म्हणाले. “पण तू दिसशील किती वर्सं?”

कुंदाताईंनी चहा ठेवला. तो लहू तांडेलांनी घेतला. खाली जाताना ते मागच्या अंगणात गेले नाहीत, एवढे कुंदाताईंनी पाहिले.

त्यानंतर त्यांनी अंथरूण धरले. ताप नव्हता, दुखणे नव्हते. चौथ्या दिवशी त्यांच्या वडिलांची बहीण पुतळाबाई, जी तेव्हा ऐंशीच्या घरात होती, काठी टेकत आली आणि उंबऱ्यावर बसली. पुढचे संभाषण बाळांनी दाराआडून ऐकले आहे.

“तुझ्या बापाची खूण ताड नव्हती,” ती म्हणाली.

लहू तांडेल उठून बसले.

तिने सांगितले ते असे. हरेश्वरांची खूण एक थोरली चिंच होती, त्याच बाजूला. लहू रांगत असताना वादळात ती मुळासकट पडली. हरेश्वर तीन दिवस जेवले नाहीत. मग जवळपास उभे होते त्यातले एक झाड त्यांनी धरले, तो हा ताड, तेव्हा आताहून ठेंगणा. चिंच ते ताड किती अंतर, असे लहू तांडेलांनी विचारले. ती म्हणाली की वाडीतून पाणी आणताना मध्ये एकदा हंडा खाली ठेवावा लागे, एवढे.

“म्हणजे बापाचा खुंट पण जागेवर नव्हता.”

“नव्हता.”

“कुणी बोललं नाय?”

“कुणाला ठाव? समुद्रात रेघ मारलीय का?” ती म्हणाली. “त्या साली लय बोंबील आला, एवढं मना आठवतंय. पुढच्या साली नाय आला. तुझा बाप दोन्ही साली तेवढाच जेवला.”

ही हकिकत पडताळून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्या भागाचा मोजणीचा एक जुना नकाशा उपलब्ध आहे, ताडाच्या जागेपासून काही अंतरावर त्यात एका झाडाची खूणही आहे. पण झाड कोणते ते त्यात लिहिलेले नाही, आणि अशा नकाशांत चिंचेला व आंब्याला एकच चिन्ह वापरीत. स्वतः बाळांना दाट शंका आहे की भाच्याला अंथरुणातून उठवण्यासाठी आजीने हे रचले. ती तशी बाई होती, असे ते म्हणतात. दोन्ही शक्यता खुल्या ठेवाव्या लागतील. लहू तांडेलांनी मात्र तिला दुसऱ्यांदा काही विचारले नाही. त्या दिवशी ते जेवले, आणि संध्याकाळी अनंता तांडेलांच्या घरी गेले.

अनंता ओटीवर जाळे दुरुस्त करीत बसले होते. त्यांनी सरकून जागा करून दिली. वर्षभराच्या अबोल्याचा विषय दोघांनीही काढला नाही. बराच वेळ जाळ्याचे बोलणे झाले. सुताच्या जागी नायलॉन आले ते चांगले की वाईट, यावर अनंता तावातावाने बोलले. निघताना लहू तांडेलांनी विचारले की अष्टमीला होडी आणशील का. अनंता म्हणाले, आणीन, आणि पाठ करून बसायचे ते बसेन.

अष्टमीला सकाळी दोन होड्या निघाल्या. मढचा बुरूज खाचेखाली आला. ती रेघ तेवढी शाबूत होती, आणि लहू तांडेलांनी होडी तिच्यावर घातली. रिवाजाप्रमाणे अनंता वळून बसू लागले.

“पाठ करू नको,” लहू तांडेल म्हणाले. “तुझी हद्द कुठं सुटते ते बघ, आणि मना सांग.”

अनंतांनी त्यांच्याकडे पाहिले. मग उभे राहून, हात कपाळाला लावून, आपल्या घरच्या खुणा त्यांनी लहू तांडेलांच्या देखत शोधल्या. बाळांना इतक्या वर्षांनंतरही यातले हेच दृश्य सर्वांत आधी आठवते: दोन म्हातारे दोन होड्यांत उभे, तोंडे एकाच दिशेला. काही वेळाने अनंता म्हणाले, सुटली. लहू तांडेलांनी होडी रेघेवरून आणखी पुढे जाऊ दिली. बाळा सारखे किनाऱ्याकडे पाहत होते. त्या गच्चीवर काही लाल आहे का, हे शोधत होते. वडील पाण्याकडे पाहत होते.

“बस,” ते म्हणाले.

“हीच काय?” अनंतांनी विचारले.

“ठाव नाय.”

“ठाव नाय तर थांब थोडा. घाई कसली? ओढ सुरू व्हायला अवकाश हाय.”

“थांबून काय दिसणार हाय?” लहू तांडेल म्हणाले, आणि खलाशांकडे वळले. “सोडा.”

खोड पाण्यात सुटले. दोन्ही होड्यांचे दोर ताणले गेले, माणसे होडीच्या काठावर ओणवी झाली, आणि नेहमीच्या हाकांवर नेहमीसारखाच जोर लागत गेला. चिखलाने ते हळूहळू आत घेतले. शेवटच्या हाकेला ते जरासुद्धा हलेना, तेव्हा अनंतांनी घाम पुसला.

“लागला?”

“लागला.”

“जागेवर?”

“समुद्रात लागला ना,” लहू तांडेल म्हणाले.

अनंता हसले, आधी स्वतःशी, मग मोठ्याने, आणि दोन्ही होड्यांतले खलाशी त्यांच्यामागून. पीप बांधून झाले. भाकऱ्या सोडल्या, खाल्ल्या. परत फिरताना वारा पडला होता, वल्ही मारावी लागली आणि वेसावे गाठायला दुपार झाली. बाळा सुकाणूवर होते. मागे वळून पाहिले तेव्हा त्यांचे वडील जाळ्याच्या ढिगाऱ्यावर आडवे झालेले होते. किनारा लागायच्या आधी, होडी पाण्यावर असताना, तांडेल झोपलेला त्यांनी तोवर पाहिला नव्हता. त्यांनी कुणाला मोठ्याने बोलू दिले नाही, आणि पुळण आली तेव्हा होडी शक्य तितक्या हळू लावली.